जर्मनीत दोघांचं निवांत जेवण: म्युनिकमधल्या एका संध्याकाळची पूर्ण तयारी

परदेशात पहिली दोन-तीन वर्षं नवरा-बायकोचं बोलणं कागदपत्रांभोवतीच फिरत राहतं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं उत्तर आलं का, घरमालकाला ईमेल केली का, विम्याचं पत्र कुठे ठेवलंय, पाळणाघराच्या यादीत नंबर लागला का. पुण्यात किंवा नाशिकला ही बोलणी वाटून जातात. थोडी आईशी, थोडी शेजाऱ्यांशी, थोडी ऑफिसात. इथे सगळी एकमेकांशीच होतात, आणि जे बोलायला आपण लग्न केलं ते मागे पडतं. दोघांनीच बाहेर जाऊन निवांत जेवणं मला म्हणूनच फार गरजेचं वाटतं.

पण नुसतं ठरवून भागत नाही. पाणी मागितलं तर सोड्यासारखं का आलं, सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का, बिल का आणत नाहीत, टिप किती द्यायची, कार्ड चालेल ना, या विचारांतच दोन तास निघून जातात. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आदल्या आठवड्यात घरी बसून मार्गी लावता येते. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलंय. उदाहरणं म्युनिकची आहेत. श्टुटगार्ट, फ्रांकफुर्ट किंवा बर्लिनला असाल तरी बरंचसं लागू पडेल.

दिवस आणि वेळ

आपल्याकडे रात्री नऊला जेवायला निघतात. इथे बऱ्याच ठिकाणी साडेनऊला स्वयंपाकघर बंद होतं. हॉटेल बारापर्यंत उघडं असलं तरी गरम जेवणाची वेळ वेगळी असते. वेबसाइटवर 'वार्मे क्यूशे' या शब्दांपुढे ती लिहिलेली असते. उघडण्या-मिटण्याच्या वेळेपेक्षा तीच बघा. साडेसात ही दोघांसाठी उत्तम वेळ. घाई होत नाही आणि शेवटचं गोड मागवेपर्यंत आतली मंडळी आवराआवरीला लागलेली नसतात.

आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, तिला 'रूहेटाग' म्हणतात. ती बहुधा सोमवारी असते, काही ठिकाणी मंगळवारी किंवा रविवारी. लग्नाचा वाढदिवस सोमवारी येत असेल तर हे आधी तपासा. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी बहुतेक जागा बंद असतात. १४ फेब्रुवारीला सगळं उघडं असतं, पण ठरावीक मेन्यू, चढे दर आणि खेटून लावलेली टेबलं असतात. मी त्या दिवशी जाऊ नका असंच सांगेन. त्याच आठवड्यातला बुधवार घ्या. तेच हॉटेल, तेच स्वयंपाकी, आणि तुमच्याकडे बघायला वेटरला वेळ.

ऋतूचाही विचार करा. जूनअखेर म्युनिकला सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे साडेसातला जेवायला बसलात तर भर उजेडात बसाल. मेणबत्तीचा उजेड हवा असेल तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. डिसेंबरात तर साडेचारच्या आतच सूर्य मावळलेला असतो. उन्हाळ्यात मजा बाहेरच्या टेबलाची. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, २०१०च्या सार्वमतानंतर हॉटेलच्या आत धूम्रपान पूर्ण बंद झालं, पण बाहेरच्या टेबलांवर लोक ओढतात. धुराचा त्रास होत असेल तर बाहेर बसण्याआधी शेजारच्या टेबलावर नजर टाका.

आणि कॅलेंडर दोन्ही बघा, इथलं आणि कालनिर्णय. दोघांपैकी एक संकष्टी धरत असेल आणि जेवण त्याच दिवशी ठरलं, तर उन्हाळ्यात म्युनिकला चंद्रोदय व्हायला रात्रीचे साडेदहा-अकरा वाजतात. तोवर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

जागा कुठली

या एका संध्याकाळी भारतीय हॉटेल टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलं जेवण वाईट असतं म्हणून नव्हे. तिथे बसलं की पनीर घरच्यासारखं आहे की नाही यावर बोलणं जातं आणि मग घरच्या आठवणींवर. तेही छान, पण ते मित्रांबरोबर.

पारंपरिक बव्हेरियन विर्ट्सहाउसला, म्हणजे जुन्या धाटणीच्या खानावळीला, लांबच लांब टेबलं असतात, गर्दीच्या वेळी अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतात आणि आवाजही मोठा असतो. पाहुणे आले की त्यांना तिथे जरूर न्या. दोघांच्या बोलण्याला ती जागा नाही. लहान, वीस-पंचवीस माणसांची हॉटेलं शोधा. म्युनिकमध्ये त्यासाठी माझ्या आवडीचा भाग हाइडहाउझेन. त्यातल्या फ्रांत्सोझेनफिअर्टेलमध्ये, म्हणजे फ्रेंच मोहल्ल्यात, रस्त्यांना आणि चौकांना १८७०-७१च्या युद्धातल्या फ्रान्समधल्या गावांची नावं आहेत: ओर्लेआन्सप्लाट्झ, वाइसेनबुर्गर प्लाट्झ, बोर्दोप्लाट्झ. युद्धाच्या आठवणीला दिलेली नावं, पण आज तिथे झाडांच्या रांगा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर छोटी जेवणघरं आहेत. गेर्टनरप्लाट्झचा गोल चौक आणि त्याभोवतीच्या गल्ल्याही चांगल्या. तरुणाई जास्त, म्हणून शुक्रवार-शनिवार तिथे गोंगाट.

शाकाहारी जोडप्याला सगळ्यात सोपं इटालियन, ते प्रत्येक वस्तीत असतं. दक्षिण टिरोलची, म्हणजे इटलीतल्या जर्मनभाषी डोंगराळ प्रांताची, हॉटेलंही बघा. तिथे 'श्लुट्झक्राप्फेन' नावाच्या पालक आणि मऊ चीज भरलेल्या करंज्या मिळतात, वर लोणी आणि किसलेलं चीज. पूर्ण शाकाहारी हॉटेल हवं असेल तर हाकेनश्ट्रासेवरचं प्रिन्स मिश्किन जुनं आणि प्रसिद्ध आहे. उंच कमानींचं छत आणि मधल्या चौकापासून पायी जाता येईल इतकं जवळ.

पण पहिल्यांदाच दोघं जात असाल तर मी इथियोपियन सुचवेन. एकच मोठं ताट येतं. त्यावर इंजेरा पसरलेला असतो. तेफ नावाच्या धान्याचं पीठ आंबवून केलेला, आंबोळीसारखा जाळीदार आणि आंबटसर. त्यावर मसूर, चणाडाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा असे ढीग. शाकाहारी ताट मागायला संकोच नको, कारण इथियोपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षातले कितीतरी दिवस चालतात आणि उपासाला ते मांस, दूध, अंडी काही घेत नाहीत. मांस-अंड्याविना पोटभर जेवण कसं करायचं हे त्या स्वयंपाकाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. खायचं हाताने, एकाच ताटात. आणि त्यांच्याकडे 'गुर्शा' म्हणून रीत आहे: प्रेमाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवायचा. लग्नाच्या पंगतीत नाव घेऊन घास भरवलेला असतो आपण. पुन्हा भरवायला इतकी साजेशी जागा जर्मनीत दुसरी मिळणार नाही.

टेबल सांगून ठेवणं

फिरत फिरत जाऊन टेबल मिळेल या भरवशावर शुक्रवारी-शनिवारी राहू नका. लहान जागांसाठी आठवडाभर आधी, नामांकित जागांसाठी महिनाभर आधी सांगावं लागतं. बऱ्याच वेबसाइटवर बुकिंगची सोय असते, पण मी फोनच करा म्हणेन. फोनवर शांत कोपरा मागता येतो, शाकाहाराचं सांगता येतं, आणि समोरच्या माणसाला तुम्ही कोण ते कळतं.

फोन दुपारी तीन ते पाचच्या मधे करा, तेव्हा त्यांना वेळ असतो. एवढंच बोलायचं: "गुटेन टाग, इश म्योष्टे गेर्न आइनेन टिश फ्यूर त्स्वाय पेर्झोनेन रेझेर्व्हीरेन." मग दिवस आणि वेळ. वेळ नेहमी चोवीस तासांच्या घड्याळाने सांगा: "नॉइन्त्सेन उअर द्रायसिश", १९:३०. कारण 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे, आणि फोनवर याचा घोटाळा हमखास होतो. पुढे सांगा की लग्नाचा वाढदिवस आहे, 'होख्त्साइट्सटाग', आणि शांत टेबल मिळालं तर बरं, 'आइनेन रुइगेन टिश'. स्वयंपाकघराच्या दारापासून आणि स्वच्छतागृहाच्या वाटेपासून लांब, भिंतीलगतचं किंवा खिडकीतलं टेबल मागण्यात काही वावगं नाही.

नाव देताना आडनाव सुटं सुटं सांगायची तयारी ठेवा. कुलकर्णी, देशपांडे एका दमात कुणालाच कळत नाही. आडनाव लांब असेल तर एखादं छोटं नाव द्या. तिथे कोणी ओळखपत्र मागत नाही. पोहोचायला उशीर होणार असेल तर फोन करा. पंधरा मिनिटांच्या वर गेलात तर टेबल दुसऱ्याला दिलं जाऊ शकतं. काही महागड्या जागा आगाऊ कार्डाचा नंबर घेतात आणि न कळवता आला नाहीत तर माणशी पैसे कापतात.

यात एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बहुतेक जोडप्यांत एकाची जर्मन बरी असते. ऑफिस, बँक, डॉक्टर, सगळीकडे तोच किंवा तीच बोलते आणि दुसरं माणूस मान हलवत बाजूला उभं राहतं. या संध्याकाळी उलट करा. ज्याची भाषा कच्ची आहे त्याने फोन करायचा, त्यानेच ऑर्डर द्यायची. चार वाक्यं घरी पाठ करून घ्या. समोरचा इंग्रजीत वळला तरी हरकत नाही, शेवटपर्यंत आपलं बोलणं आपण करायचं. ती किंवा तो ऑर्डर देऊन वळतो तेव्हाचा चेहरा बघा. परदेशात आल्यापासून तसा चेहरा दिसलेला नसेल.

शाकाहार, अंडं आणि गोमांस

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण टेबलावर बसून हे शोधणं सगळ्यात त्रासाचं असतं. हॉटेलचं मेन्यूकार्ड बहुधा वेबसाइटवर असतं. ते घरीच वाचा आणि दोघांनी काय घ्यायचं ते अर्धंअधिक ठरवून ठेवा.

'वेगेटारिश' लिहिलेला पदार्थ मांसाच्या बाबतीत निर्धास्त घ्यावा. धोका असतो तो न लिहिलेल्या, दिसायला साध्या पदार्थांत. बटाट्याची कोशिंबीर घ्या: दक्षिण जर्मनीत कार्टोफेलझालाट मेयोनेजमध्ये नाही, तर गरम मांसाच्या सुपात, म्हणजे फ्लाइशब्र्यूएमध्ये कालवतात. परतलेले बटाटे, हिरव्या शेंगा आणि झाउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, 'श्पेक', असू शकतात. लाल कोबी कित्येकदा डुकराच्या चरबीत शिजवतात. भाजीचं सूप दिसलं तरी खालचं पाणी मांसाचं असू शकतं. म्हणून एकच प्रश्न पाठ करा: "इस्ट दा फ्लाइशब्र्यूए द्रिन?" आणि स्वतःबद्दल एकच वाक्य: "इश एस्से काइन फ्लाइश उंट काइनेन फिश." मासा वेगळा सांगावा लागतो, मासे खाणारा माणूसही स्वतःला शाकाहारी म्हणवतो अशी समजूत इथे अधूनमधून भेटते.

अंडं न खाणाऱ्यांचं काम जरा कठीण. श्पेट्झले या जाडसर, मऊ शेवयांच्या पिठात अंडं असतंच, पावाच्या उकडलेल्या गोळ्यांत, क्न्योडेलमध्येही. ताज्या पास्त्यात बहुधा असतं. सुक्या पास्त्यात बहुधा नसतं. इथे युरोपीय कायदा मदतीला येतो. १३ डिसेंबर २०१४पासून हॉटेलांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्यात अंडं, दूध, मासे, ग्लुटेन येतात. मेन्यूतल्या पदार्थाच्या नावापुढे बहुधा बारीक अक्षरं असतात, समजा 'ए, सी, जी'. कार्डाच्या शेवटच्या पानावर तळाला त्यांचा अर्थ दिलेला असतो. अंड्याला कित्येक ठिकाणी 'सी' असतं, पण प्रत्येक हॉटेलची अक्षरं वेगळी असू शकतात, म्हणून तळ वाचूनच ठरवा. एकदा अंड्याचं अक्षर सापडलं की पूर्ण कार्ड दोन मिनिटांत चाळून होतं. मांस मात्र ॲलर्जीच्या यादीत नाही. त्यासाठी विचारावंच लागतं.

गोडातही बघा. पानाकोटा आणि बायरिश क्रेममध्ये जिलेटिन असतं. आप्फेलश्ट्रूडेल, म्हणजे सफरचंद भरलेली गुंडाळी, बरा; कैझरश्मार्न, म्हणजे जाड गोड धिरड्याचे तुकडे, छान पण पूर्ण अंड्यावर उभा. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या, दूध फाडणाऱ्या 'रेनेट'ने बनतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी "ओने पार्मेझान" म्हणावं.

मांसाहार करणारे पण गोमांस न खाणारे खूप जण आहेत. त्यांनी 'रिंड' आणि 'काल्ब' हे दोन शब्द डोळ्यांत तेल घालून शोधावेत: पहिलं गोमांस, दुसरं वासराचं. टाफेलश्पिट्झ गोमांसाचा. झाउअरब्राटेन आणि रूलाडेन बहुतेक गोमांसाचे. 'वीनर श्निट्झेल' असं नुसतं लिहिलं असेल तर ते वासराचं. डुकराचं असेल तर 'वीनर आर्ट' किंवा 'फॉम श्वाइन' लिहिलेलं असतं. 'गेमिश्टेस हाकफ्लाइश' म्हणजे गोमांस आणि डुकराचं मांस मिळून केलेला खिमा.

चांगल्या हॉटेलात सुरुवातीला एक छोटासा घास फुकट येतो, 'ग्रूस आउस डेर क्यूशे', स्वयंपाकघराकडून नमस्कार. त्यात मासा किंवा मांस असण्याची शक्यता मोठी. फोनवर शाकाहाराचं सांगून ठेवलं असेल तर तुमच्यासाठी वेगळा करतात.

ऋतूचं एक खास सांगतो. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, श्पार्गेलचा हंगाम असतो. २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी, काढणी थांबवतात, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी झाडाला जोर धरता येतो. या काळात प्रत्येक हॉटेलात श्पार्गेलचं वेगळं कार्ड असतं. सोबत उकडलेले नवे बटाटे. मांस नको तर "ओने शिंकेन", अंड्याचा हॉलंडेझ सॉस नको तर वितळलेलं लोणी मागा. इतकं साधं, इतकं चविष्ट आणि विनाकटकट शाकाहारी जेवण जर्मन स्वयंपाकात दुसरं नाही.

पैसे

मध्यम दर्जाच्या चांगल्या जागी दोघांचं सुरुवातीचं काही, मुख्य जेवण, एक गोड वाटून आणि पेय असं साधारण ९० ते १३० युरोंत होतं. कार्डावरची किंमत करासकट असते, वर सेवाशुल्क लागत नाही. पण कार्ड चालतं का हे फोनवरच विचारा: "कान मान मिट कार्टे त्साहलेन?" अजूनही काही जागा फक्त रोख घेतात, काही फक्त जर्मन बँकेचं गिरोकार्ड घेतात. भारतीय क्रेडिट कार्डावर सगळी भिस्त ठेवू नका. खिशात १५० युरो रोख असले की तो विषय डोक्यातून जातो.

मुलं, आणि भारतातून येणारे फोन

मुलं लहान असतील तर सगळ्यात चांगली सोय दुसऱ्या मराठी कुटुंबाशी. एका शनिवारी त्यांची मुलं तुमच्याकडे, पुढच्या महिन्यात तुमची त्यांच्याकडे. मुलांना वरणभात आणि मराठी बोलणारी काकू मिळते, तुम्हाला तीन तास. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत अशा ओळखी सहज होतात. मुलांना निरोप देऊन निघताना कधी परत येणार ते घड्याळात दाखवून निघा आणि ती वेळ पाळा.

फोनचं गणित आधी करून ठेवा. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी इथे साडेआठ (हिवाळ्यात साडेसात) वाजतात तेव्हा तिथे बारा वाजून वाढदिवस लागलेला असतो, आणि मामेभावापासून सगळ्यांचे फोन सुरू होतात. जेवण आदल्या संध्याकाळी ठेवलं असेल तर नेमकं सूप येतानाच. त्यामुळे जेवण खुद्द त्या दिवशी संध्याकाळी ठेवा. सकाळी कामाला निघायच्या आधी दोन्हीकडच्या आई-बाबांना व्हिडिओ कॉल करून नमस्कार करा. संध्याकाळी साडेसातला तिथे अकरा वाजून गेलेले असतात, मंडळी झोपलेली असतात. फोन आवाज बंद करून कोटाच्या खिशात ठेवा आणि कोट खुंटीवर.

टेबलावर बसल्यावर

आत गेलात की स्वतःहून टेबल पकडू नका. दाराशी थांबा, नाव सांगा, ते नेऊन बसवतील. कोट दारापाशीच काढून खुंटीवर अडकवतात. कपडे नीटनेटके असले की पुरे. टाय लागत नाही. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा. हिवाळ्यात आत उबदार असतं, फक्त बाहेरच्या बर्फासाठी बूट घालून या आणि आत बदलायचे चप्पल पिशवीत ठेवा.

बसल्या बसल्या, मेन्यू उघडायच्या आधीच, वेटर काय पिणार विचारतो. गोंधळू नका, पाणी सांगा. नुसतं 'वासर' म्हटलं तर बुडबुड्यांचं येतं. साधं हवं तर "श्टिलेस वासर". ते बाटलीतून आणि विकत असतं. नळाचं पाणी, 'लाइटुंग्सवासर', मागता येतं, पण ते देणं बंधनकारक नाही आणि काही ठिकाणी नाक मुरडतात. मी वाईन घेतली असेल तर बरोबर नळाचं पाणी बिनदिक्कत मागतो. मेन्यू मागताना 'कार्टे' म्हणा. 'मेन्यू' म्हटलं की ते तीन-चार पदार्थांचं ठरावीक जेवण समजतात.

वाईन ग्लासावर घेता येते, ०.१ किंवा ०.२ लिटर. ग्लासावर रेघ असते, तिच्यापर्यंत भरलेली असायला हवी. 'ट्रोकेन' म्हणजे गोडवा नसलेली, 'लीब्लिश' गोडसर. दारू घेत नसाल तर सफरचंदाचा किंवा काळ्या योहानिसबेरी नावाच्या छोट्या फळांचा रस सोड्यात, म्हणजे 'शोर्ले', मागा. 'आल्कोहोलफ्राय' लिहिलेल्या बियरमध्ये अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. अजिबात नको असेल तर रसच घ्या. ग्लास भिडवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, अशी इथली रीत आहे आणि ती पाळतातच. दोघांच्या संध्याकाळी तर सहज पाळता येते.

बव्हेरियन जागी टेबलावर टोपलीत ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळे खारे पाव, ठेवलेले असतात. ते फुकट नाहीत. खाल्ले तेवढे मोजून बिलात लागतात.

आपल्याला एकमेकांच्या ताटातलं खायची सवय असते आणि ती सोडू नका. दोन वेगळे पदार्थ मागवा आणि दोन रिकाम्या ताटल्या मागून घ्या, "त्स्वाय एक्स्ट्रा टेलर, बिटे." कोणी काही म्हणत नाही. खाऊन झालं की सुरी-काटा ताटात एकमेकांशेजारी समांतर ठेवायचे. ते तिरके, एकमेकांवर ठेवलेत तर अजून खाणं चालू आहे असा अर्थ होतो आणि ताट उचललं जात नाही. वेटरला बोलवायचं तर नजर भिडवून हात थोडासा उचलायचा. मोठ्याने हाक मारत नाहीत.

आणि घाई करू नका. जेवण झाल्यावर कुणी उठवायला येणार नाही. टेबल बहुधा त्या संध्याकाळपुरतं तुमचं असतं; दोन तासांची मर्यादा असेल तर ती बुकिंगच्या वेळीच सांगतात.

बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. कितीही वेळ बसा, ते आणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. "त्साहलेन, बिटे" म्हणायचं. वेटर येतो आणि विचारतो: "त्सुझामेन ओडेर गेट्रेन्ट?" एकत्र की वेगवेगळं? नवरा-बायकोंनाही विचारतात, त्यात काही नाही. "त्सुझामेन."

आता टिप. अमेरिकेसारखी वीस टक्के नाही. पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवून निघून जात नाहीत, तोंडाने सांगतात. बिल ८७ युरो ४० सेंट झालंय. वेटर पाकीट किंवा मशीन हातात धरून उभा आहे. तुम्ही फक्त म्हणायचं, "फ्युन्फउंटनॉइन्त्सिश, बिटे", पंचाण्णव. शंभराची नोट दिलीत तर तो पाच परत देईल. कार्ड असेल तर मशीनला लावायच्या आधीच हा आकडा सांगा, नंतर वाढवता येत नाही. बरोबर ९५ सुटे हातात असतील तर देताना "श्टिम्ट झो" म्हणा, म्हणजे परत द्यायचं नाही. उरलेलं जेवण बांधून मागणं इथे अगदी रूढ आहे.

घरी जाताना

गाडी नेऊ नका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रतिहजार आहे आणि वाईनच्या दोन ग्लासांत ती गाठायला वेळ लागत नाही. शेवटची ऊ-बान (मेट्रो) आणि एस-बान (लोकल) एमव्हीव्ही या शहर वाहतुकीच्या ॲपवर निघतानाच बघून ठेवा. हाइडहाउझेनमध्ये जेवलात तर मॅक्सिमिलियानेउमच्या, म्हणजे बव्हेरियाच्या विधिमंडळाच्या इमारतीच्या, बाजूने इझार नदीपर्यंत उतारावरून चालत जा. मध्यभागी असाल तर होफगार्टनमधल्या डायानाच्या मंडपाकडे वळा. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तिथे लोक साल्सा किंवा टँगो नाचत असतात आणि बघायला तिकीट नाही.

महागातलं नको असेल तर: बियरगार्टन आणि घरचा डबा

म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्याच्या हातात एक अशी सोय आहे जी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. इथल्या पारंपरिक बियरगार्टनमध्ये, म्हणजे झाडांखालच्या बियरच्या बागेत, घरून आणलेलं जेवण खाता येतं. उन्हाळ्यात बियर टिकावी म्हणून इझारच्या काठी तळघरं खोदली, त्यांच्यावर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली, आणि लोक तिथेच बसून प्यायला लागले. हॉटेलवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा राजा माक्स पहिला योझेफ याने १८१२मध्ये तोडगा काढला: बियरवाल्यांनी बियर विकावी, पावापलीकडे जेवण विकू नये. म्हणून लोक डबे घेऊन येऊ लागले. आता बियरगार्टन जेवणही विकतात, पण डब्याचा हक्क राहिला. १९९९च्या बव्हेरियन नियमावलीतही ही त्यांची ओळख मानली आहे.

मे ते सप्टेंबरमधली कोरडी संध्याकाळ निवडा. आरनुल्फश्ट्रासेवरचं आउगुस्टिनर-केलर मुख्य स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याजवळचं प्रसिद्ध, पण गर्दीचं. हिर्शगार्टन प्रचंड मोठं, तिथे कुंपणापलीकडे हरणं दिसतात आणि कडेची टेबलं शांत असतात. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं वेटरच्या सेवेची, तिथे डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी टेबलांवर बसायचं. शेजारी कोणी असेल तर "इस्ट हीअर नोख फ्राय?", म्हणजे इथे जागा आहे का, एवढं विचारायचं.

डब्यात थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, दोन लाडू. तळणीचा वास येणारं किंवा पातळ रस्सा नको. लाकडी बाकावर सांडतं आणि शेजाऱ्यांना त्रास होतो. टेबलावर पसरायला सुती पंचा, दोन स्टीलच्या ताटल्या, काचेच्या बरणीत ठेवलेली मेणबत्ती. पेय मात्र तिथलंच विकत घ्यायचं, बाहेरून आणायचं नाही. बियर लिटरच्या ग्लासात येते, 'मास' म्हणतात. दोघांत एक पुरते. अर्धी बियर अर्धं लिंबूसरबत असं 'राडलर' किंवा आप्फेलशोर्लेही मिळतं. रात्री साडेदहाला शेवटची विक्री होते. कित्येक ठिकाणी ग्लासासाठी अनामत घेतात आणि बिल्ला देतात. तो पंचाच्या घडीत गुंडाळून घरी जाऊ देऊ नका, ग्लास आणि बिल्ला दिला की पैसे परत मिळतात.